किंमत कळली, पण सोल्डर काय काय केलंय?

तुमचा मुख्य प्रश्न वाचला. येऊ घातलेला १४ इंची लॅपटॉप, ओएलईडी स्क्रीन, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी स्टोरेज, बाहेर फुटलेली किंमत अवाच्या सवा वाटतेय, घ्यावा की थांबावं, आणि काळा घ्यावा की चंदेरी. पण मी अडकलो तुमच्या शेवटच्या दोन ओळींवर. जुना लॅपटॉप वॉरंटी संपल्यावर चार्ज होईनासा झाला, सर्व्हिस सेंटरने "अख्खा बोर्ड बदलावा लागेल" (मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड) म्हणून सांगितलं, आणि त्या वैतागात तुम्ही ठरवलंत की आता एकदाच काय तो सगळ्यात भारी घेऊन टाकू. हे सगळं माझ्याबाबतीत जसंच्या तसं घडलेलं आहे, म्हणून लिहायला बसलोय. लांबेल, आधीच सांगतो.

प्रोसेसर कोणता घ्यावा, हे मी लिहीत नाही. ते तुम्हाला माहीत आहे असं पोस्टवरून दिसतंय.

किमतीबद्दल आधी. फुटलेला आकडा नेहमी सगळ्यात खालच्या मॉडेलचा असतो आणि ते मॉडेल जाणीवपूर्वक थोडं अपुरं ठेवलेलं असतं. ॲपलचंच बघा, कारण त्यांच्या किमती सगळ्यांना पाठ असतात. २०२३च्या अखेरीस आलेला १४ इंची मॅकबुक प्रो १,५९९ डॉलरला होता आणि त्यात रॅम होती ८ जीबी. 'प्रो' नाव लावून ८ जीबी! पुढच्या ८ जीबीचे २०० डॉलर वेगळे. लोकांनी बोंब मारली, आणि २०२४मध्ये सुरुवातच १६ जीबीपासून झाली. २०२२चा एम२ चिपचा मॅकबुक एअर घ्या. त्याच्या २५६ जीबीच्या मॉडेलमध्ये स्टोरेजची एकच चिप होती. आधीच्या एम१ चिपच्या एअरमध्ये दोन होत्या, त्यामुळे नवीन मशीनचा वाचनाचा वेग जुन्याच्या जवळपास निम्म्यावर आला. कागदावर दोन्हीकडे '२५६ जीबी एसएसडी' (एसएसडी म्हणजे हे चिपांचं स्टोरेज) एवढंच. तेव्हा किंमत जास्त की कमी हा वाद घालायचाच असेल तर तुम्ही प्रत्यक्षात जे मॉडेल घेणार आहात त्याच्या किमतीवर घाला. पाच वर्षं वापरायचं म्हणताय, मग १६ जीबी तुम्ही घेणार नाही, घेऊही नका.

दुसरं, पहिल्या वर्षीच्या नव्या बॉडीपासून मी चार हात लांब राहतो. हे माझं मत आहे, कोणाला पटेल, कोणाला नाही. पहिला मॅकबुक एअर २००८मध्ये १,७९९ डॉलरला आला, ६४ जीबी एसएसडीचं मॉडेल ३,००० डॉलरच्या वर होतं. २०१०च्या ऑक्टोबरात त्याच घराण्यातला ११ इंची एसएसडीसकट ९९९ डॉलरला मिळायला लागला. मधल्या काळात ज्यांनी घेतला त्यांनी प्रयोगाचा खर्च भरला. ॲपलच्याच २०१५-१६च्या त्या पातळ बटरफ्लाय कीबोर्डचं तर काय सांगावं. धुळीचा कण गेला की बटण अडकायचं नाहीतर एकदा दाबून दोनदा उठायचं. २०१८मध्ये कंपनीला फुकट दुरुस्तीची योजना काढावी लागली, २०१९च्या अखेरीपासून जुन्या पद्धतीचा कीबोर्ड परत आला, आणि २०२२मध्ये ग्राहकांच्या दाव्यात ५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. मॅकबुक प्रोमधून २०१६मध्ये काढून टाकलेले एचडीएमआय (टीव्ही-मॉनिटर जोडायचा पोर्ट), मेमरी कार्डचा स्लॉट आणि चुंबकाचा चार्जर २०२१मध्ये परत आले, तेही नवं फीचर म्हणून! डेलच्या एक्सपीएस १३ प्लसने २०२२मध्ये हेडफोनचं भोक काढलं आणि वरच्या ओळीत खऱ्या बटणांऐवजी टचची पट्टी दिली. तुम्ही दिलेल्या यादीतली 'सगळ्यात पातळ' आणि 'अदृश्य टचपॅड' (ज्याच्या कडाच दिसत नाहीत) ही दोन वैशिष्ट्यं मला याच जातीची वाटतात. दुसऱ्या वर्षी तीच बॉडी, नवी चिप, आणि पहिल्या वर्षीच्या तक्रारी मिटलेल्या, असं मॉडेल बघावं.

आता मूळ मुद्दा. या पातळपणासाठी सगळं मदरबोर्डवर सोल्डर करून, म्हणजे धातू वितळवून कायमचं जोडून टाकतात. रॅम तर बहुतेक ठिकाणी गेलीच. इंटेलच्या २०२४च्या लूनर लेक चिपमध्ये रॅम थेट प्रोसेसरच्या पॅकेजवर बसवलेली आहे, १६ किंवा ३२ जीबी, मधलं-वरचं काही नाही. यात फायदा नाही असं नाही, बॅटरी खरंच जास्त चालते. एलपीकॅम२ नावाचा बदलता येणारा रॅमचा प्रकार २०२४मध्ये लेनोवोच्या थिंकपॅड पी१मध्ये आला, पण तो अजून मोजक्याच मशीनमध्ये दिसतो. रॅमचं मी एक वेळ सोडून देतो. ती सुरुवातीलाच जास्त घेता येते. स्टोरेज आणि चार्जिंगचा पोर्ट बोर्डवर जोडलेले असले की मात्र पुढे काय होतं ते ऐका.

माझं मशीनही असंच प्रीमियम, पातळ, ॲल्युमिनियमचं. कंपनीचं नाव लिहीत नाही, सर्व्हिस सेंटरचंही नाही. यूएसबी-सीचा पोर्ट सैल झाला. आधी केबल विशिष्ट कोनात धरली की चार्ज व्हायचं, मग तेही बंद. अधिकृत सेंटरला नेलं. काउंटरवरच्या माणसाने खालचं झाकण उघडलं, मोबाइलचा टॉर्च लावून एका कोपऱ्यातलं इवलंसं पांढरं स्टिकर बराच वेळ न्याहाळलं. ते स्टिकर पाणी लागलं की लाल होतं. माझं पांढरंच होतं, याचं त्याला थोडं वाईट वाटलं असावं. मग म्हणाला, "पोर्ट वेगळा येत नाही, बोर्डच बदलायचा." मी विचारलं, डेटाचं काय? "काही नाही होत, तसाच राहतो." हे तोंडी. जॉबशीटच्या (दुरुस्तीला दिल्याच्या कागदाच्या) मागच्या बाजूला फिकट राखाडी अक्षरात छापलं होतं की डेटाची जबाबदारी आमची नाही आणि बदललेला सुटा भाग कंपनीच्या मालकीचा राहील.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. बोर्ड बदलला. स्टोरेजच्या चिपा त्या बोर्डवरच, त्यामुळे मशीन कोरं करकरीत परत आलं. मी म्हटलं, जुना बोर्ड द्या, मी बघतो काय करायचं ते. तर म्हणे तो एक्स्चेंजमध्ये गेला. बोर्डची जी किंमत मला लावली होती ती जुना परत घेण्याच्या बोलीवरच होती, नाहीतर आणखी चढी. हे आधी कोणी सांगितलं? कोणीच नाही. तक्रारीच्या नंबरवर फोन केला की ते म्हणायचे सेंटरशी बोला, सेंटर म्हणायचं आमच्या हातात काही नाही, कंपनीला मेल करा. मेलला उत्तर यायचं, 'आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', आणि खाली समाधानाचे तारे द्या म्हणून लिंक. बॅकअपवरून मला प्रवचन देऊ नका, बॅकअप होता, पण तो मागचा. चालू कामाचा जो तुकडा गेला तो गेलाच.

संतापाचं कारण डेटा जाणं हे नव्हतंच. बोर्ड-लेव्हल दुरुस्ती करणाऱ्या, म्हणजे मायक्रोस्कोपखाली एकेक भाग बदलणाऱ्या एका माणसाने नंतर मला सांगितलं की सैल पोर्ट उचलून दुसरा बसवणं हे त्याचं रोजचं काम आहे. बोर्ड हातात असता तर निदान तेवढा वेळ चालू करून डेटा उतरवता आला असता. बोर्डच नाही म्हटल्यावर तोही काय करणार? नुसत्या स्टोरेजच्या चिपा काढून वाचता येतील असंही नाही. आजकाल डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे कुलूपबंद असतो आणि किल्ली बोर्डवरच्या सुरक्षा चिपशी बांधलेली असते. बोर्ड गेला की कुलूप राहतं आणि किल्ली जाते.

म्हणून तुमच्या आत्ताच्या बंद मशीनबद्दल: बोर्ड बदलायला होकार देऊ नका, निदान लगेच नको. आधी बोर्ड-लेव्हल दुरुस्तीवाल्याकडून दोष नेमका कुठे आहे ते पाहून घ्या. सेंटरलाच द्यायचं असेल तर जॉबशीटवर पेनाने लिहून घ्या, 'जुना भाग परत हवा', आणि त्याची वेगळी किंमत विचारा. एसएसडी सुटी असेल तर देण्याआधी काढून घरी ठेवा. विंडोज असेल तर बिटलॉकरची (विंडोजच्या या डेटा-कुलपाची) ४८ आकडी रिकव्हरी की आजच कागदावर उतरवा. बोर्ड बदलला की विंडोज ती मागतंच, आणि तुम्ही कधी एन्क्रिप्शन चालू केलं नव्हतं हे उत्तर तिथे चालत नाही. अलीकडे ते बऱ्याच मशीनवर आपोआप चालू असतं. (मी तंत्रज्ञ नाही, दुकानदार तर मुळीच नाही. वापरून हात पोळलेला ग्राहक आहे. तुमच्या मॉडेलची खात्री तुम्हीच करा.)

नवीन घेतानाही हेच बघायचं. लेनोवो, डेल, एचपी यांच्या बहुतेक मशीनचं सर्व्हिस मॅन्युअल त्यांच्या साइटवर उघड मिळतं. लाँच झाल्यावर ते येईपर्यंत कळ काढा. त्यात सुट्या भागांची यादी असते. एसएसडी एम.२ची (सुटी, काढता-घालता येणारी) आहे का, यूएसबी-सी पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डवर आहे की मुख्य बोर्डवर, बॅटरी स्क्रूने बसवली आहे की गोंदाने, कीबोर्ड एकटा बदलतो की सगळं वरचं कव्हर, हे त्यात वाचून कळतं. फ्रेमवर्क नावाच्या लॅपटॉप कंपनीवाल्यांनी २०२१पासून पोर्टच सुटे केले आहेत, झीज होते ती त्या छोट्या कार्डाची. त्यांची स्क्रीन-स्पीकर तुमच्या अपेक्षेइतके भारी वाटणार नाहीत कदाचित, पण यादीत ठेवा. बॅटरीबद्दल युरोपात फेब्रुवारी २०२७पासून नियम लागू होतोय की ती वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. त्याचा फायदा इतरत्र मिळेल की नाही हा वेगळा विषय.

बाकी वैशिष्ट्यं भराभर. ओएलईडी सुंदरच दिसते, पण कमी ब्राइटनेसला बऱ्याच स्क्रीन बारीक लुकलुकतात. काहींचं डोकं दुखतं, काहींना कळतही नाही. दुकानात ब्राइटनेस खाली आणून पंधरा मिनिटं वाचून बघा. एनपीयूचे (एआयच्या कामांसाठीच्या चिपेचे) ४० टॉप्स (तिच्या वेगाचं माप) हा मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस या एआय लॅपटॉपच्या शिक्क्याचा उंबरठा आहे, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत असं काम माझ्या तरी पाहण्यात नाही. स्नॅपड्रॅगनचं (इंटेलपेक्षा वेगळ्या घडणीच्या प्रोसेसरचं) मॉडेल घेणार असाल तर तुमचा जुना स्कॅनर, ऑफिसचं व्हीपीएन आणि खेळ यांची आधी चौकशी करा, त्यांचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) नसला की नसला. ग्राफिक्स कार्डाचं नुसतं नाव वाचू नका, वॅट वाचा, वेग त्यावर ठरतो. आरटीएक्स ४०६० हे एकच नाव लॅपटॉपमध्ये ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत सगळ्याला लावलंय. बॅटरीचे तास व्हिडिओ चालवून, ब्राइटनेस उतरवून मोजलेले असतात, त्यातले निम्मे धरा.

थांबावं का? एरवी मी डोळे मिटून 'थांबा' म्हटलं असतं. पण २०२५च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलल्यामुळे रॅम आणि एसएसडीचे भाव चढले आहेत. सहा महिन्यांनी तेच मशीन स्वस्त होईल हा जुना हिशेब सध्या भरवशाचा नाही. मी तुमच्या जागी असतो तर गेल्या वर्षीच्या बॉडीचं ३२ जीबीचं मॉडेल शिल्लक साठ्यातून शोधलं असतं, आणि वाचलेल्या पैशात वाढीव वॉरंटी घेतली असती. वाढीव वॉरंटी आणि अपघाती नुकसानीचं संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, विकणारा एकत्रच बोलतो. पाणी सांडलं, पडला, तर फक्त दुसरं कामाला येतं. ते बऱ्याचदा खरेदीनंतर ठरावीक दिवसांतच घेता येतं, तेव्हा बिल करतानाच विचारा. 'डेटा रिकव्हरी' असे शब्द त्यात कुठे दिसले तर मला जरूर कळवा, मला अजून दिसलेले नाहीत.

रंगाचं विचारलंत. चंदेरी घ्या. गडद रंगाच्या ॲल्युमिनियमवर यूएसबी-सीच्या तोंडाशी पहिल्याच महिन्यात ओरखडे दिसायला लागतात आणि ते पुसून जात नाहीत.