मुलगी सातवीत आहे. घनाकृती कापल्यावर कोणता छेद दिसेल हे तिला समजत नाही. कोणतं ॲप घ्यावं?

ॲप राहू द्या. आधी किलोभर बटाटे आणा.

जरा तावातावानं लिहितेय, कारण यावरून आमच्या घरात वाजलंय. माझी लेक बटाट्याचे घन करून कापत होती. कापायच्या आधी कोणता आकार येईल तो पेन्सिलीनं काढायचा, मग काप शाईच्या पॅडवर दाबून शेजारी ठसा उठवायचा, एवढाच खेळ. सरळ कापलं की चौरस, कडेला समांतर पण तिरकं कापलं की आयत, कोपरा उडवला की त्रिकोण. तेवढ्यात भाऊजी आले. इंजिनीअर माणूस. म्हणाले, "वहिनी, भाजी कशाला वाया घालवताय? टॅबवर दोन मिनिटांत दिसतं. आणि घन कापून चौकोनाच्या पुढे काही मिळत नाही."

मिळतं की! समोरासमोरचे, एकमेकांपासून सगळ्यात लांबचे दोन कोपरे धरा. त्या दोघांनाही न लागणाऱ्या सहा कडा उरतात. त्यांच्या मध्यावर टाचणी टोचा आणि त्या सहा खुणांमधून काप घ्या. सुसम षटकोन येतो, म्हणजे सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेला. लेकीचा ठसा बघून भाऊजी म्हणे, सुरी वाकडी गेली असेल! मग मी भेटवस्तूची घनाकार पारदर्शक डबी काढली, निम्मी रंगीत पाण्यानं भरली, झाकणाला चिकटपट्टी लावली आणि कोपऱ्यावर उभी धरली, वरचा कोपरा बरोबर खालच्याच्या डोक्यावर. पाण्याची पातळी षटकोनी. पाणी काही वाकडं जात नाही. (एक षष्ठांशाहून कमी पाणी ठेवलं की त्रिकोण.) चहा पिऊन निघताना भाऊजींचं होतंच, "पण टॅबवर जास्त नीट दिसतं."

नीट दिसतं हीच तर अडचण. बोट सरकवलं की उत्तर हजर, अंदाज चुकायला वावच नाही. लेकीनं विचारलं, सप्तकोन का येत नाही? ठोकळा हातात फिरवता फिरवता तिचं तिलाच सुचलं: छेदाची प्रत्येक बाजू एकेका पृष्ठावर पडते आणि पृष्ठं सहाच आहेत. पंचकोन मात्र येतो, फक्त सुसम कधीच नाही. तो का, हे तुमच्या मुलीला शोधू द्या.

बाकी काकडी तिरकी कापा, लंबवर्तुळ मिळेल. गोल कसाही कापला तरी वर्तुळच. शंकूसाठी गाजर वापरू नका, ते खरा शंकू नसतं. शाडूचा करा आणि ताणलेल्या दोऱ्यानं कापा. काप शंकूच्या तिरक्या कडेला समांतर गेला तरच अन्वस्त (पॅराबोला, फेकलेल्या चेंडूच्या वाटेसारखा वक्र) येतो.

हो, सुरी तुम्हीच धरा. काप पुसून घ्या, नाहीतर बटाट्याच्या पाण्यानं ठसा फिसकटतो. शाई न लागलेले तुकडे आमच्याकडे रश्श्यात गेले, वाया काही गेलं नाही.

ॲपच हवं असेल तर जिओजेब्रा फुकट आहे, त्यात घन कापता येतो. पण वहीत ठसे जमल्यावर.