अमेरिकेत कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू जास्त होतात, ते गरिबीमुळेच ना?

फक्त गरिबीमुळे नाही. 2023 मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू 50.3 होते, श्वेतवर्णीयांचे 14.5. पदवीधर कृष्णवर्णीय बाईलाही शाळा अर्धवट सोडलेल्या गोऱ्या बाईपेक्षा जास्त धोका असतो, म्हणजे पैसा-शिक्षणाचं स्पष्टीकरण इथेच लंगडं पडतं.

खरी गडबड उशिरात आहे. रक्तदाबाचा वरचा आकडा 160 किंवा खालचा 110 वर वा त्यापुढे गेला आणि 15 मिनिटांनी पुन्हा तेवढाच भरला, तर 30 ते 60 मिनिटांत औषध द्यायचं असतं. कृष्णवर्णीय बाईची ‘डोकं ठणकतंय’ ही तक्रार (वाढलेल्या रक्तदाबाचं लक्षण) हसण्यावारी नेली की ती वेळ हातातून जाते. जास्त रक्तस्राव नजरेनं मोजला तर बहुतेकदा कमी वाटतो. भिजलेले पॅड वजन करून (कोरडं वजन वजा, 1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 मिली) मोजावेत. गडद त्वचेवर पल्स ऑक्सिमीटर ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, आणि फिकटपणा चेहऱ्यावर नव्हे, पापणीच्या आत नि ओठांच्या आतल्या बाजूला बघायचा.

डॉक्टरांच्या हिशेबाच्या सूत्रांतही वंश घुसला होता. आधीच्या सिझेरियननंतर नैसर्गिक प्रसूती कितपत जमेल हे सांगणारं गणकयंत्र कृष्णवर्णीय असल्याबद्दल थेट यशाची शक्यता कमी दाखवायचं! 2021 मध्ये वंशाचा तो रकाना काढला. बाळंतपणानंतरचं वर्षभर धोका राहतो, हे मात्र बहुतेक जण विसरतात.