गाडी रस्त्यावर नेता येत नसताना जुन्या मोटारसायकलवर घरच्या घरी कोणती कामं करावीत?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पंचवीस-तीस वर्षांची जुनी गाडी आहे, बाहेर काढायला सध्या बंदी आहे, हाताशी वेळ आहे, तर घरी काय काय उघडावं? आणि तोवर ती रोज दोन-दोन मिनिटं चालू करून ठेवावी का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: अजिबात नको. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. दोन मिनिटांत ना सायलेन्सर तापतो ना इंजिन ऑइल, त्यामुळे ती वाफ आतच थंड होऊन पाणी बनते. सायलेन्सर आतून गंजतो, ऑइलमध्ये पाणी आणि न जळलेलं पेट्रोल उतरतं. बॅटरी चार्ज होते म्हणावं तर तेही नाही. जुन्या गाड्यांचं मॅग्नेट (वीज बनवणारं चाक) आयडलला, म्हणजे इंजिन जागेवर सावकाश चालताना, जेमतेम करंट देतं. मग पंधरा-वीस मिनिटं चालवावी का? एअरकूल्ड इंजिनाला समोरून वारा लागतो. जागेवर तेवढा वेळ चालवलं तर हेड नको इतकं तापतं. शिवाय बंद जागेत इंजिन चालवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडशी खेळ. तेव्हा गाडी बंदच ठेवा. कार्बोरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) वाटीतलं पेट्रोल ड्रेन स्क्रूने काढून टाका, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवा, मग पॉझिटिव्ह. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असताना साधारण १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.४च्या खाली गेली की चार्जिंगला लावा. करंट अँपिअर-अवरच्या दहाव्या भागाइतका ठेवायचा, म्हणजे ५ एएचच्या बॅटरीला ०.५ अँपिअर. कारचा मोठा चार्जर लावलात तर ती उकळेल.

आता पहिला प्रश्न. गाडी चालवून बघता येणार नाही, हे धरूनच काम निवडायचं. जे काम उभ्या गाडीवर मोजून, बघून, हात लावून तपासता येतं तेच घ्या. आणि एका वेळी एकच. कार्बोरेटर, पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारा जोड), वायरिंग सगळं एकदम उघडून बसलात आणि शेवटी किक मारून काही झालं नाही, की दोष कुठल्या कामात आहे हे शोधण्यात उरलेली सुट्टी जाते. गाडी चालू अवस्थेत असेल तर तिची ती अवस्था मोडू न देता पुढे सरकायचं.

सुरुवात कार्बोरेटरने करा, कारण उभ्या गाडीत सगळ्यात आधी तोच आजारी पडतो. पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राळ राहते. पायलट जेटचं (सावकाश चालताना पेट्रोल देणाऱ्या बारीक तोटीचं) भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, कधी त्याहूनही बारीक. ते बुजलं की गाडी चोकवर चालू होते आणि चोक काढला की बंद पडते. हे लक्षण दिसलं की दुसरीकडे बघूच नका.

उघडण्याआधी मिक्श्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) हलक्या हाताने आत फिरवत टेकेपर्यंत किती फेरे जातो ते मोजा आणि लिहून ठेवा. बहुतेक ठिकाणी दीड ते अडीच फेरे निघतात, पण तुमचा आकडा तुमच्या गाडीचा. टेकल्यावर आणखी आवळायचा नाही, टोक चेपतं आणि बसायची जागा खराब होते. जपानी बनावटीच्या कार्बोरेटरचे स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात, पण असतात जेआयएस (जपानी मानक) घाटाचे. साध्या फिलिप्स ड्रायव्हरचं टोक त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर उचकतं आणि स्क्रूचं डोकं खातं. योग्य ड्रायव्हर नसेल तर काम पुढे ढकला.

वाटी पांढऱ्या थाळीवर उघडा. तळाशी तपकिरी गाळ, गंजाचे कण, पाण्याचे थेंब जे काही निघेल ते थाळीत दिसतं. गंजाचे कण असतील तर रोग टाकीत आहे, हे तिथेच कळतं. फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पिन अडकली असेल तर ठोकू नका. ती ज्या दोन खुंट्यांत बसते त्या ठिसूळ धातूच्या असतात, एक मोडली की कार्बोरेटर भंगारात. कार्ब क्लीनर मारून थांबा आणि बारीक पंचने नुसतं ढकला. जेट काढून उजेडासमोर धरा: भोकातून स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली तर अजून राळ आहे. साफ करायला वायरमधला तांब्याचा एक तंतू घ्या. स्टीलची तार किंवा टाचणी घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल खायला लागते. कार्ब क्लीनर मारण्याआधी रबरी ओ-रिंगा आणि डायफ्राम बाजूला काढा, ते फुगून वेडेवाकडे होतात.

फ्लोटची उंची मोजताना लोक हमखास चुकतात. कार्बोरेटर पूर्ण उलटा ठेवला की फ्लोटच्या वजनाने पेट्रोल अडवणाऱ्या सुईवरची स्प्रिंगची टिकली दाबली जाते आणि माप चुकीचं येतं. तो तिरका धरा, फ्लोटची पट्टी त्या टिकलीला नुसती टेकेल इतकाच. मग पॅकिंग काढलेल्या कडेपासून मोजा. आकडा मॅन्युअलमधला घ्या. शेवटी फ्लोट वर उचलून धरा आणि पेट्रोलच्या नळीतून हलकेच फुंका. हवा गेली तर सुई गळते आहे, पुढे गाडी ओव्हरफ्लो होणार. मेन जेट बदलणं, स्लाइडमधल्या दुसऱ्या सुईची क्लिप वरखाली करणं मात्र आता नको. त्याचा निकाल रस्त्यावर, प्लगच्या रंगावरच लागतो.

गाडीला पॉइंट असतील तर पुढचं काम तेच. पॉइंटची तोंडं बारीक कानशीने किंवा ६०० नंबरच्या पेपरने सपाट करा, मॅग्नेट फिरवून पॉइंट सगळ्यात जास्त उघडतील तिथे आणा आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पात्यांनी) गॅप लावा. बऱ्याच गाड्यांना ०.३ ते ०.४ मि.मी. चालतो. इथे एक गंमत आहे. फिलर गेजची पाती गंजू नयेत म्हणून तेलात असतात. ती तशीच पॉइंटमध्ये घातली की तोंडांवर तेलाची साय बसते आणि काल ठिणगी देणारी गाडी आज मेलेली वाटते. लोक मग कॉइल बदलतात, कंडेन्सर बदलतात! गॅप लावून झाला की कोऱ्या कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये बुडवून बंद पॉइंटमधून दोन-तीनदा ओढा, शेवटची कोरडी. पट्टीवर काळं येणं थांबलं की झालं.

टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, बघण्याची रीत गाडीवर ठरते. बॅटरी-कॉइलची गाडी असेल तर बारा व्होल्टचा छोटा बल्ब घ्या (सहा व्होल्टच्या गाडीला सहाचा), एक वायर पॉइंटच्या वायरला, दुसरी इंजिनाच्या बॉडीला. चावी चालू करून मॅग्नेट हळू फिरवा. पॉइंट उघडले त्या क्षणी बल्ब लागतो आणि तेव्हा मॅग्नेटवरची ‘एफ’ (ठिणगीची) खूण समोर आलेली असली पाहिजे. चावी फार वेळ चालू ठेवू नका, पॉइंट बंद असताना कॉइल तापत राहते. फ्लायव्हील मॅग्नेटच्या गाड्यांना, म्हणजे जुन्या टू-स्ट्रोकपैकी पुष्कळांना, ही युक्ती लागू पडत नाही, कारण तिथे कॉइल पॉइंटला समांतर जोडलेली असते. तिथे सिगारेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरा, हलका ताण द्या, मॅग्नेट फिरवा. कागद सुटला तो क्षण म्हणजे पॉइंट उघडल्याचा. फुकटचं यंत्र आहे, आणि चांगलं चालतं. पॉइंट उघडणाऱ्या कॅमवरच्या नमद्याला (लोकरीच्या तुकड्याला) ग्रीसचा एक ठिपका द्या. तो कोरडा राहिला की पॉइंटची टाच झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे पडतं.

फोर-स्ट्रोकला टॅपेट (व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांमधली फट) बघा, इंजिन पूर्ण थंड असताना. इंटेक व्हॉल्व्ह खाली जाऊन परत वर आला की मॅग्नेट पुढे ‘टी’ खुणेपर्यंत फिरवा. तोच कॉम्प्रेशनचा टॉप. दोन्ही रॉकर हाताला किंचित ढिले लागले पाहिजेत. लागले नाहीत तर एक फेरा चुकला आहे. लहान सिंगल सिलिंडरला ०.०५ ते ०.१० मि.मी. अशी मापं असतात, नेमकं मॅन्युअलमध्ये बघा. पातं ओढताना लोण्यातून सुरी ओढल्यासारखा हलका विरोध लागतो. आवाज नको म्हणून घट्ट लावायची सवय असेल तर सोडा: ढिला टॅपेट टकटक करतो, घट्ट टॅपेट गुपचूप एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जाळतो.

टाकीत गंज असेल तर नळ आणि झाकण काढा, भोकं बुजवा, ५ टक्क्यांचं साधं व्हिनेगर काठोकाठ भरा आणि दिवसभर ठेवा; गंज जाड असेल तर दोन दिवस. अर्धी भरून हलवत बसण्यापेक्षा पूर्ण भरणं बरं, कारण वरच्या भागातही गंज असतो. आत नट टाकून हलवायचं असेल तर मोजून टाका आणि मोजून काढा. ओतून झाल्यावर लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने, आणि केस वाळवायच्या यंत्राची हवा देऊन तिथल्या तिथे सुकवा. पेट्रोलचा वास पूर्ण गेल्याशिवाय मात्र ते यंत्र जवळ आणू नका. उघडं लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस होतं, म्हणून सुकताच थोडं टू-स्ट्रोक ऑइल आत फिरवा.

साइड कव्हर उघडताना एक पुठ्ठा घ्या, त्यावर कव्हरचा आकार काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच जागी टोचून ठेवा. कव्हरचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तळाला टेकून इंजिनाचं कवच फोडतो. आखूड स्क्रू लांब भोकात गेला तर दोनच आट्यांवर लटकतो आणि आवळताना अॅल्युमिनियमचे आटे घेऊन बाहेर येतो. एम ६ बोल्टला अॅल्युमिनियममध्ये ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे. टॉर्क पाना नसेल तर पाना तोंडाजवळ आखूड धरा, मनगटाच्या जोरावर थांबा. जाम स्क्रूला आदल्या रात्री भेदक (गंजात मुरणारं) तेल सोडा, सकाळी इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीने ठोकून फिरवायचा). आधी अगदी किंचित आवळण्याच्या दिशेने ठोका, गंजाची पकड सुटते, मग सोडवा.

वायरिंगला मल्टिमीटर लावा. हेडलाइट चालू ठेवून बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिनाची बॉडी यांच्यामध्ये व्होल्ट मोजा. ०.२च्या वर असेल तर अर्थिंग खराब: रंग खरवडून तो जोड स्वच्छ करा. मंद लाइट आणि रडका हॉर्न यांतली निम्मी प्रकरणं इथेच मिटतात.

चेन रॉकेल आणि ब्रशने धुवायची, पेट्रोलने नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. चेन लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते तिकडे. चाक हाताने फिरवा, इंजिन चालू करून गिअरमध्ये कधीच नाही. बोटं अशीच जातात. ड्रम ब्रेकची धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा. ब्रेक कॅमला ग्रीस नखभर, लायनरला अजिबात नाही.

क्रँक वेगळा करणं, बोअर (सिलिंडर) उघडून ‘नुसतं बघणं’ असली कामं या काळात टाळा. ती अर्धवट राहतात, आणि पार्ट मिळेपर्यंत उघड्या इंजिनात धूळ जाते.

बंदी उठली की पहिली किक घाईने मारू नका. इंजिन ऑइल बदला. प्लग काढून सिलिंडरमध्ये ५ मिली ऑइल सोडा, टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवून बघा. अडकल्यासारखं वाटलं तर जोर करायचा नाही. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अॅसिटोन निम्मं निम्मं घालून काही दिवस वाट बघा. मोकळं फिरलं तर न्यूट्रलमध्ये चावी बंद ठेवून दहा-बारा किका, मग प्लग. ठिणगी बघताना प्लग त्याच्या भोकापासून लांब टेकवा, आतून येणारी पेट्रोलची वाफ पेट घेते. क्लच प्लेटा चिकटल्या असतील तर लिव्हर रात्रभर बांधून ठेवा, सकाळी गिअरमध्ये गाडी मागेपुढे ढकला. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पंप असेल आणि त्याची नळी तुम्ही कधी काढली असेल, तर नळीत हवा राहिलेली असते. पंपाची हवा काढा आणि तरीही पहिल्या टाकीला लिटरमागे २० मिली ऑइल पेट्रोलमध्येच मिसळा. धूर जास्त येईल, येऊ द्या. पंपाच्या टाकीतली पातळी उतरताना डोळ्यांनी दिसली की मगच साधं पेट्रोल भरा.