खरं भाडं कागदावर आण

बाळा,

घरमालक करारात दीड हजारच लिहू म्हणतोय, सही करू का, असं तू विचारलंस. करू नकोस. जितकं देतोस तितकंच लिहून घे.

वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकार देते ती स्वाधार योजनेची रक्कम भाडं बघून ठरत नाही, मग फरक काय पडतो, हे तुझं म्हणणं कळलं. आता हिशेब मांड. जानेवारी २०१७ च्या शासन निर्णयात पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. निवासाचे महिन्याला १,६६६ पडतात. तू तिघांच्या खोलीतल्या एका कॉटचे महिन्याला ४,५०० देतोस, म्हणजे वर्षाचे ५४,०००. उरले सहा हजार. निवासात पडणारी तूट जेवणातून भरली जाते. महिनाअखेरीस तुझी मेस बंद असते ती यामुळे, तुला पैसे जपता येत नाहीत म्हणून नव्हे.

याच पुण्यात केंद्रीय कर्मचाऱ्याचा घरभाडे भत्ता मूळ पगाराच्या २४ टक्के होता. महागाई भत्ता २५ टक्क्यांवर गेला तेव्हा तो २७ झाला, ५० वर पोचला तेव्हा ३०. म्हणजे भत्ता महागाईला बांधता येतो. विद्यार्थ्याचे २०,००० तसे बांधलेले नाहीत. ते वाढवून मागायचे तर पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे तुमचे करार. त्यांवर दीड हजार असेल तर समोरचा म्हणणारच, १,६६६ पुरतात की! म्हणून खरं भाडं लिही.

तुझ्या डिपॉझिटसाठीसुद्धा लिही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. खोटा आकडा घालून नोंदवलास तर मात्र तुझीच सही तुझ्याविरुद्ध उभी राहते.

खर्चाला घाबरू नका. तिघांची नावं एकाच करारात घाला. भाडं १३,५००, मुदत ११ महिने, डिपॉझिट ३०,०००: मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे साधारण ४०० रुपये, शहरात नोंदणी फी १,०००. हे दोन्ही मिळून माणशी पाचशेच्या आत. एजंटचे वेगळे. आधी वीजबिल कोणाच्या नावावर आहे ते बघा. कॉट बेसिसवर पैसे गोळा करणारा बरेचदा मालक नसतो, स्वतःच भाडेकरू असतो. त्याच्या सहीला अर्थ नाही. भाडं यूपीआयनं द्या, रोख नको.

आणि रात्रीच्या डिलिव्हरीच्या कामाचा विचार सोड. ७५ टक्के हजेरी हुकली की पुढचा हप्ता अडकतो. हप्ते तसेही उशिरा येतात, त्यात ही भर नको.

असल्या हट्टापायी पोरांच्या हातून खोल्या जातात, असं मला ऐकवतात. जातात, मान्य आहे. पण वर्षानुवर्षे सगळ्यांनी घरमालकाच्या सोयीचे आकडे लिहिले आणि २०,००० तिथंच राहिले, याचं उत्तर मला कोणी देत नाही. मी मागे हटणार नाही. तूही खरं भाडं लिही.

घरमालक अडलाच तर दुसरी खोली शोध, थोडी लांबची चालेल. करार झाला की तुमच्या वर्गातल्या सगळ्या स्वाधारवाल्यांच्या प्रती जमव. एका तक्त्यात भाग, भाडं, मिळालेली निवासाची रक्कम आणि मेस बंद ठेवलेले दिवस लिही, वर अर्ज लाव आणि पुण्यातल्या समाजकल्याण आयुक्तालयात दे. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस.