सॉवरवूडचं झाड इंदूरला लागेल का?

तुम्ही विचारलंय की भाची नॉर्थ कॅरोलायनात असते, तिच्या दारातल्या सॉवरवूडचं बी मागवून इंदूरला लावू का. खरं सांगू, नका मागवू.

झाड मी बघितलंय, मुलाकडे तिथल्याच ॲशव्हिलला गेलो होतो जुलैत तेव्हा. नदीकाठी आणि जंगल संपतं त्या कडेला, वीस-पंचवीस फुटांचं, फांद्यांच्या टोकांना बारक्या पांढऱ्या उलट्या मडक्यांच्या माळा लोंबत होत्या आणि त्यावर मधमाश्यांची नुसती झुंबड. त्याचा मध तिथं वेगळा विकतात, महागही. पान चावून बघितलं तर खरंच आंबट, नाव त्यावरूनच पडलंय, सॉवर म्हणजे आंबट. थंडीच्या तोंडावर पानं लालभडक होतात, ते मात्र फोटोतच बघितलं.

आता आपल्याकडची गोष्ट. लोक म्हणतात मे महिना मारेल, तो मारेलच, पण त्याच्या आधी माती मारते. हे झाड बुरांस (हिमालयातला ऱ्होडोडेन्ड्रॉन), अझेलिया, ब्लूबेरीच्या कुळातलं, ह्यांना ॲसिडिक माती लागते, पीएच (सातच्या खाली ॲसिडिक, वर अल्कली) साडेपाचच्या आसपास, आणि माळव्याची काळी माती आठच्या घरात. तिच्यात लोह असतं पण एवढ्या पीएचला ह्या झाडांच्या मुळांना ते घेताच येत नाही. मी अझेलियावर हे दोन वर्षं भोगलंय. नर्सरीवाल्याने "साहेब काही होत नाही" म्हणून गळ्यात मारला, मी गमल्यात कोकोपीट, पानांचं खत, गंधक सगळं घातलं आणि पाणी घालत राहिलो बोरिंगचं! शिरा हिरव्या नि मधलं पान पिवळं, मग कडा करपायला लागल्या, कारण जड पाण्यातला चुना माती परत होती तिथंच आणून ठेवत होता. पावसाळ्यात गच्चीवरचं पावसाचं पाणी पाजलं तेव्हा नवी पानं छान हिरवी आली, पण वर्षभराचं पाणी साठवायचं कुठं, बायको टाकीला हात लावू देत नाही.

शिवाय बाहेरून बी आणायचं तर परवाना आणि तिकडचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (बियाला रोग-कीड नाही असा सरकारी दाखला) लागतं, बॅगेत टाकून आणायची गोष्ट नाही ती.

लोंबती पांढरी फुलंच हवी असतील तर बूच लावा, रात्री वासही येतो. मधमाश्यांसाठी करंज, तो मूळ नदीकाठचा आणि काळ्या मातीत मजेत वाढतो. माझ्या फाटकाशी आहे, सहा वर्षं झाली, एप्रिल-मेत नुसता गुणगुणत असतो. फक्त खाली गाडी लावू नका, फुलांचा सडा काचेवर असा चिकटतो की वायपरलाही निघत नाही.