बंद रेल्वेची पायवाट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, आम्ही ओहायोत राहतो. घरामागच्या कुंपणापलीकडून मालगाडीची एक जुनी लाइन जाते. गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाली, आता नुसतं रान माजलंय. काउंटीला, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाला, तिथे चालण्यासाठी आणि सायकलींसाठी वाट करायची आहे. शेजारी मात्र विरोधाच्या अर्जावर सह्या घेत फिरताहेत. चोऱ्या वाढतील, घरांचे भाव पडतील, आणि ती जमीन खरं तर आपल्यालाच परत मिळायला हवी, असं त्यांचं म्हणणं. माझे सासू-सासरे उन्हाळाभर इथे असतात, त्यांना चालायला धड जागा नाही. सही करू का?

उत्तर: सही करू नका. पण नुसत्या घरीही बसू नका. काउंटीची जाहीर सभा असेल तिला जा आणि खाली सांगते त्या गोष्टी मागून घ्या.

शेजाऱ्यांचं जमिनीबद्दलचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, म्हणून आधी ते. इथल्या रेल्वे कंपन्यांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी सगळीच जमीन विकत घेतली नव्हती. अनेक ठिकाणी गाडी चालवण्यापुरता वहिवाटीचा हक्क तेवढा घेतला होता. कंपनीने लाइन कायमची सोडली की तो हक्क संपतो आणि पट्टा लगतच्या मालकांकडे जातो, असा बऱ्याच राज्यांतला कायदा. पण असा पट्टा एकदा तुकड्यांत वाटला गेला की पुन्हा सांधता येत नाही. कोणी त्यावर शेड घालतो, कोणी पूल काढून भंगारात विकतो, आणि संपलं. हे थांबवायला १९८३ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायद्यात दुरुस्ती करून ‘रेलबँकिंग’ची सोय केली. कंपनीने काउंटीसारख्या संस्थेशी करार करायचा, पट्टा अखंड ठेवायचा, तोवर त्यावरून लोकांनी चालायचं, आणि उद्या गरज पडली तर रूळ परत घालायचे. व्हरमाँटमधल्या एका जोडप्याने याला आव्हान दिलं. १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने कायदा वैध ठरवला. मात्र ज्यांचा हक्क जातो त्यांना केंद्र सरकारकडे भरपाई मागता येईल, असंही सांगितलं. तेव्हा शेजाऱ्यांना म्हणा, आपापलं खरेदीखत काढून वकिलाला दाखवा. त्या दाव्याला सहा वर्षांची मुदत असते, ती चुकवू नका. भरपाई मागणं आणि वाट अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता माझ्या परिसराचं सांगते. मी शिकागोच्या पश्चिमेच्या उपनगरात राहते, नोकरी रस्तेबांधणीत झाली. आमच्याकडे शिकागो, अरोरा अँड एल्जिन नावाची विजेची गाडी होती. १९५३ मध्ये शहरात एक्स्प्रेसवे बांधायला घेतला, तेव्हा तिचा शहराच्या मध्यापर्यंत जाणारा मार्ग तुटला. प्रवाशांना अलीकडेच उतरून गाडी बदलावी लागू लागली, आणि निम्मे प्रवासी गेले. ३ जुलै १९५७ला भर दुपारी कंपनीने प्रवासी गाड्या थांबवल्या. सकाळी कामावर गेलेली माणसं संध्याकाळी स्टेशनवर आली तर घरी न्यायला गाडीच नाही! पुढे मालगाड्याही गेल्या आणि रिकामा पट्टा मागे राहिला.

सप्टेंबर १९६३ मध्ये शिकागो ट्रिब्यूनच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात मे थीलगार्ड वॉट्स यांचं पत्र आलं. बाई मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानातल्या निसर्गअभ्यासक, वय सत्तर. आपण माणसं आहोत, दोन पायांवर ताठ चालतो, आपल्याला पायवाट हवी, असं त्यांनी लिहिलं. बुलडोझरांच्या तोंडाला पाणी सुटलंय, आत्ता हलला नाहीत तर हा पट्टा जाईल, हेही बजावलं. पाठीशी पैसा नव्हता, पद नव्हतं. शेजारपाजारच्या माणसांनी मिळून संस्था काढली, काउंटीचे उंबरे झिजवले, झुडपं स्वतः तोडली. आज ती इलिनॉय प्रेरी पाथ म्हणून सुमारे १०० किलोमीटर पसरली आहे. वर्तमानपत्रातलं एक पत्र एवढं करू शकतं, हे मी ओळखीच्या प्रत्येक तरुण इंजिनिअरला सांगत आले आहे.

चोरांची भीती मी समजू शकते. पण चोराला सोयीचं असतं ते आज तुमच्या घरामागे आहे तसं रान, जिथे कोणी फिरकत नाही. आमच्याकडे लोकांनी मागच्या कुंपणांना स्वतःहून फाटकं बसवून घेतली आहेत, मुलं तिथूनच शाळेला जातात. घरांच्या भावाची काळजी तर उलट दिशेने करायला हवी. शिकागोत ‘द ६०६’ ही जुन्या रेल्वेच्या जागी केलेली, उंचावरून जाणारी वाट २०१५ मध्ये सुरू झाली आणि तिच्या पश्चिमेकडच्या वस्तीत घरं इतकी महागली की पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या पोर्टोरिकन आणि मेक्सिकन कुटुंबांना भाडं परवडेना. तुमच्या गावात भाडेकरू असतील तर त्यांच्यासाठी काय योजना आहे, हे सभेत कोणीतरी विचारलंच पाहिजे. तुम्हीच विचारा.

बांधकामाचंही विचारा. रेल्वेने सगळ्यात अवघड काम आधीच करून ठेवलेलं असतं: भराव घातलेला, मोऱ्या बांधलेल्या, आणि चढ अगदी बेताचा, कारण जड गाडीला उभा चढ झेपत नाही. म्हणूनच गुडघेदुखीवाल्यांना आणि व्हीलचेअरवाल्यांना ही वाट मानवते. पण रूळ उचलल्यावर राहणारी खडी टोकदार असते, तिच्यावर चालवत नाही. तिच्यावर चुनखडीची बारीक कच पसरून, पाणी मारून, रोलर फिरवला की छान घट्ट बसते. डांबरापेक्षा ती पायांना मऊ लागते, खर्चही कमी येतो. मात्र मोऱ्या तुंबलेल्या असतील तर पहिल्याच मोठ्या पावसात कच वाहून जाईल. तेव्हा आधी मोऱ्या साफ करा, असा आग्रह धरा. मातीची तपासणी झाली का, तेही विचारा. रुळांवरचं गवत मारायला पूर्वी आर्सेनिक असलेली औषधं फवारत.

आणि रुळांखालून काढलेले लाकडी स्लीपर कोणी फुकट देऊ केले तर घेऊ नका. ते क्रिओसोट नावाच्या विषारी डांबरी तेलात मुरवलेले असतात. त्यांचे वाफे करून सासूबाई मेथी-कोथिंबीर लावतील, म्हणून मुद्दाम सांगते.

प्रश्न: भारतातून येणाऱ्या आईवडिलांना दाखवावी अशी एखादी वाट सुचवाल का?

उत्तर: विस्कॉन्सिनमधली एलरॉय–स्पार्टा, डोळे झाकून. शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीने सोडलेली ही लाइन राज्याने १९६५ मध्ये घेतली, १९६७ मध्ये खुली केली. सुमारे ५१ किलोमीटर, आणि वाटेत तीन बोगदे. दोन अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरचे, पण नॉरवॉक गावाच्या पश्चिमेचा तिसरा एक किलोमीटरहून लांब आहे. आत दिवा नाही. मधोमध पोचलं की दोन्ही तोंडांचा उजेड पुरत नाही, छतातून पाणी टपकत असतं, आणि भर जुलैतही आतून गार वारा येतो. तोंडाशी लाकडाची प्रचंड दारं आहेत. हिवाळ्यात खडकातलं पाणी गोठून बोगदा फुटू नये म्हणून ती बंद ठेवत. गाडी यायच्या वेळी पहारेकरी उघडायचा आणि गेल्यावर पुन्हा लावायचा. त्या थंडीत हे रोजचं काम करणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

सगळी वाट चालायची गरज नाही. तिसऱ्या बोगद्याच्या जवळचा टप्पा निवडा. प्रत्येकाच्या हातात बॅटरी, आईच्या खांद्यावर शाल, पायात पकड असलेले बूट. बोगद्यात सायकल हातात धरून चालावं लागतं. सायकलस्वारांना राज्याचा पास लागतो, पायी जाणाऱ्यांना काही लागत नाही.

प्रश्न: आपल्या विदर्भातली ‘शकुंतला’ ही छोटी रेल्वे बंद पडली आहे. तिथेही अशी पायवाट करावी का?

उत्तर: नको. माझं माहेर मूर्तिजापूरचं, म्हणून जरा तिडकीने सांगते. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही लाइन कापसासाठी टाकली गेली, पण ती जगवली गरीब प्रवाशांनी. १९९४पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. तिथल्या लोकांनी पायवाट मागितलेली नाही, त्यांना गाडी हवी आहे, आणि ब्रॉडगेजची, म्हणजे रुंद रुळांची, मागणी कित्येक वर्षांची आहे. जिथे एसटीच्या तिकिटाचाही विचार करावा लागतो, तिथे फिरायला वाट करून देणं म्हणजे मूळ मागणीला बगल देणं होईल. अमेरिकेकडून घ्यायचंच असेल तर एवढं घ्यावं: पट्टा अखंड राखावा, अतिक्रमण होऊ देऊ नये, पूल भंगारात काढू नयेत. गाडी परत आणायची तरी हेच लागणार आहे.

प्रश्न: आमच्या इथल्या वाटेवर सायकलवाले मागून ‘ऑन युअर लेफ्ट’ (तुमच्या डावीकडून जातोय) असं ओरडतात आणि बाबा नेमके डावीकडेच सरकतात. परवा धडक होता होता वाचली. काय करावं?

उत्तर: बाबांचं चुकत नाही. जन्मभर डाव्या बाजूने चालले आणि कानावर ‘लेफ्ट’ पडलं की पाय तिकडेच वळणार. त्यांना एवढंच सांगा: निघाल्यापासून उजव्या कडेने चालायचं आणि मागून कसलाही आवाज आला तरी जागा बदलायची नाही, सायकल डावीकडून निघून जाईल. दोघं असतील तर आईंना उजवीकडे ठेवा. श्रवणयंत्र असेल तर ते लावूनच बाहेर पडा, आणि शनिवार-रविवारी सकाळी दहाच्या आत फिरून या, त्यानंतर गर्दी वाढते.