रोज अपर सर्किट लागणारा दोन रुपयांचा शेअर उसाच्या बिलातून घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. चिकोडी तालुक्यात शेती आहे, कारखान्याचं ऊसबिल जमा झालंय, त्यातले दोन लाख गुंतवायचा विचार आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलेला एक शेअर सव्वादोन रुपयांच्या आसपास आहे. दिवसाला चाळीस-पन्नास हजार शेअरचाच व्यवहार होतो, आणि रोज पाच टक्क्यांचं अपर सर्किट लागतं, म्हणजे एका दिवसात भाव वाढायची जी मर्यादा शेअरबाजाराने घातलीय तिथं तो जाऊन थांबतो. मेव्हण्यांनी आधीच घेतलाय, त्यांचे पैसे दुप्पट दिसतायत. "दोन रुपयांचा तर शेअर, जाऊन जाऊन जाणार किती?" असं ते म्हणतात. धोका कसा मोजायचा, हा तुमचा प्रश्न.

मी बेळगावात हिशेबाची आणि इन्कमटॅक्सची कामं करतो. जुलै आला की लोक डिमॅटची स्टेटमेंट घेऊन येतात, त्यामुळे असे शेअर दरवर्षी डोळ्यांखालून जातात. माझं उत्तर सरळ आहे : हा शेअर ऊसबिलातून घेऊ नका. भाव पडेल ही भीती त्यातली अर्धीच. भाव पडायला लागल्यावर तुमच्याकडून तो घ्यायला कुणी नसेल, हा खरा धोका आहे, आणि तो भावात दिसत नाही.

आधी मेव्हण्यांचं वाक्य घेऊ. तुम्ही एक शेअर घेणार नाही, दोन लाखांचे घेणार आहात. सव्वादोनच्या भावाने ते जवळजवळ 89,000 शेअर झाले. सव्वादोन रुपयांचा शेअर एक रुपयावर आला तर निम्म्याहून जास्त पैसे गेले. दोन हजारांचा शेअर नऊशेवर आल्यावर जातात, तेवढेच. कमी भावाचा शेअर म्हणजे स्वस्त शेअर, हा समज आपल्याकडे फार घट्ट बसलाय. कंपनीचे शेअर किती आहेत, धंदा किती, कर्ज किती, हे न बघता नुसत्या आकड्यावरून स्वस्त-महाग ठरत नाही. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीचा शेअर साडेतीन रुपयांवरून एका दिवसात 2,36,250 रुपयांवर गेला. लोकांनी ती लॉटरी समजली. खरं तर कंपनीकडच्या गुंतवणुकीची किंमत दर शेअरमागे लाखांत होती आणि त्या भावाला विकायला कुणीच तयार नव्हतं, म्हणून साडेतीनचा भाव नुसता फळ्यावर पडून होता. शेवटी एक्स्चेंजने, म्हणजे शेअरबाजाराने, खास लिलाव ठेवला तेव्हा खरी किंमत कळली. व्यवहारच होत नसतील तर पडद्यावरचा भाव वर किंवा खाली, कितीही खोटा असू शकतो.

निपाणीच्या तंबाखू बाजारात नुसता भाव बोलणारा आणि काटा करून रोख मोजणारा यांतला फरक तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या शेअरमध्ये सध्या भाव बोलला जातोय. काटा किती होतोय ते बघा. पंचेचाळीस हजार शेअर गुणिले सव्वादोन, म्हणजे दिवसाची सगळी उलाढाल एक लाखाच्या आसपास. तुमचे दोन लाख म्हणजे त्या शेअरचे पूर्ण दोन दिवसांचे व्यवहार. तुम्ही विकायला निघालात तर तुमच्याच विक्रीने भाव कोसळेल, आणि तोही त्या दिवशी बाकी कुणी विकत नसेल तर.

माझा स्वतःचा ठोकताळा सांगतो. गेल्या तीन महिन्यांतला एखादा नेहमीसारखा दिवस धरायचा, गडबडीचा नको, आणि त्या दिवसाच्या उलाढालीच्या विसाव्या हिश्श्याहून जास्त पैसे त्या शेअरमध्ये घालायचे नाहीत. तुमच्या बाबतीत ते पाच हजार होतात. पाच हजारांत काय मिळणार, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, काही मिळणार नाही, पण या शेअरमधून सुखरूप बाहेर पडता येईल इतकी रक्कम तेवढीच आहे.

आता सर्किटचं गणित. पाच टक्क्यांची पंधरा अपर सर्किट सलग लागली की पैसे दुप्पट होतात, म्हणून मेव्हण्यांचा आनंद खरा आहे. उलटी चौदा लोअर सर्किट, म्हणजे रोज पाच टक्के खालची मर्यादा, लागली की निम्मेही राहत नाहीत, आणि वीस लागली तर दोन लाखांचे बहात्तर हजारांच्या खाली येतात. चढताना आणि उतरताना वेग सारखाच, पण एक फरक फार महत्त्वाचा आहे. लोअर सर्किटला विकणाऱ्या सगळ्यांच्या ऑर्डर एकाच भावाला असतात, त्यामुळे नंबर वेळेवरून लागतो. ज्याची ऑर्डर आधी पोचली तो सुटतो. मोठ्या विक्रेत्याचं सगळं यंत्रावर असतं, आपण सकाळी गोठ्यातली कामं आटपून मोबाइल उघडणार.

वडगावातले एक यंत्रमागवाले काका माझ्या ऑफिसात बसून लोअर सर्किटला लागलेला शेअर विकायची धडपड करताना मी पाहिलंय. नऊच्या आधीच ऑर्डर टाकून ठेवलेली. सव्वानऊला बाजार उघडला, त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. खरेदीच्या पाचही ओळी कोऱ्या, शून्य, शून्य, शून्य. विक्रीच्या बाजूला एकच ओळ, आणि तिच्यात लाखांनी शेअर उभे. काका म्हणाले, "भाव तर दाखवतंय की हो एक रुपया दहा पैसे, मग जात का नाही?" भाव दाखवत होतं, कारण शेवटचा किरकोळ व्यवहार त्या भावाला झाला होता. दुपारी साडेतीनला बाजार बंद झाला की ऑर्डर आपोआप रद्द, दुसऱ्या दिवशी पाच टक्के खाली पुन्हा तेच. मुलीच्या लग्नाच्या हॉलचा अ‍ॅडव्हान्स त्यातून द्यायचा होता, तो शेवटी सोसायटीच्या कर्जातून दिला. असा शेअर विकला जात नाही तोवर इन्कमटॅक्समध्ये तोटाही दाखवता येत नाही. विकून तोटा झाला असता तर तो आठ वर्षं पुढे ओढून दुसऱ्या शेअरच्या नफ्यातून वजा करता आला असता. इथं पैसेही अडकले आणि तोटाही.

या कोऱ्या ओळी बघायला शेअर पडायची वाट बघू नका. ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये शेअरवर टिचकी मारली की मार्केट डेप्थ, म्हणजे खरेदी-विक्रीला उभ्या असलेल्या ऑर्डरची यादी, दिसते. आज अपर सर्किट आहे, म्हणजे उलटं चित्र दिसेल, खरेदीवाल्यांची रांग आणि विकणारा कुणी नाही. अशा वेळी ऑर्डर टाकली तरी शेअर सहसा मिळत नाहीत, मिळाले तर थोडे. इतके दिवस मिळत नसलेला शेअर एका सकाळी तुमच्या अख्ख्या ऑर्डरइतका, चुटकीसरशी मिळाला, तर खूश होऊ नका. कालपर्यंत हातातला एक शेअर न सोडणाऱ्याने आज एवढा माल का ओतला, हे स्वतःला विचारा.

बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं. ऑपरेटर म्हणजे चार-सहा माणसांची टोळी असते. त्यांनी शेअर आधीच मातीमोल भावाने गोळा केलेले असतात, किंवा प्रेफरेन्शियल अलॉटमेंटमध्ये, म्हणजे कंपनी निवडक लोकांना नवे शेअर देते त्यात, थेट घेतलेले असतात. अलॉटमेंटचे शेअर काही महिने लॉक असतात, विकता येत नाहीत. लॉक उघडायची वेळ जवळ आली की आपापसात खरेदी-विक्री करून भाव चढवायचा, ग्रुपवर बातम्या सोडायच्या, आणि लोक आत आले की माल त्यांच्या गळ्यात मारायचा. 2023 च्या मार्चमध्ये सेबीने, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, साधना ब्रॉडकास्ट या शेअरबद्दल आदेश काढला, त्यात यूट्यूबवरचे खोटे व्हिडिओ दाखवून भाव कसा चढवला ते लिहिलंय. त्या आदेशातला एक आकडा मी सगळ्यांना सांगतो : कंपनीचे छोटे भागधारक 2,167 होते, ते 55,343 झाले. पन्नास हजारांहून जास्त घरांत तो माल उतरवला गेला.

हाच आकडा तुमच्या कंपनीचाही तपासता येतो. बीएसईच्या (मुंबई शेअरबाजाराच्या) वेबसाइटवर कंपनीच्या पानावर दर तिमाहीचा शेअरहोल्डिंग पॅटर्न, म्हणजे कुणाकडे किती शेअर आहेत त्याचा तक्ता, असतो. त्यात दोन लाखांपर्यंतचं भांडवल धरणाऱ्या व्यक्तींची संख्या बघा. गेल्या चार तिमाह्यांत ती उड्या मारत वाढली असेल आणि प्रवर्तकांचा (कंपनीच्या मूळ मालकांचा) किंवा मोठ्या बाहेरच्या भागधारकांचा हिस्सा घटत असेल, तर माल कुठून कुठं चाललाय ते कागदावर लिहिलेलंच आहे. तिथंच निकाल उघडा. विक्री जेमतेम आणि नफा सगळा 'इतर उत्पन्ना'तून आलाय का? ऑडिटर मध्येच सोडून गेलाय का? कापडाच्या कंपनीचं नाव अचानक एआय किंवा ग्रीन एनर्जी झालंय का? नियमाप्रमाणे नवं नाव ज्या धंद्याचं, त्या धंद्यातून आधीच्या वर्षभरातलं निदान निम्मं उत्पन्न आलेलं असावं लागतं, किंवा कंपनीच्या मालमत्तेच्या निदान निम्मी रक्कम त्या धंद्यात घातलेली असावी लागते. विक्रीचे आकडे बघून ते तुम्हालाही पडताळता येईल.

काही शेअरच्या बाबतीत खरेदीचं बटण दाबताना अ‍ॅप एएसएम, जीएसएम किंवा ईएसएम असं काही लिहिलेली पिवळी पट्टी दाखवतं. बहुतेक जण न वाचता 'ओके' करतात. एक्स्चेंजने तो शेअर नजरेखाली ठेवलाय, असा त्याचा अर्थ. टप्पा वाढत गेला की सर्किट दोन टक्क्यांवर येऊ शकतं, त्याच दिवशी घेऊन विकणं बंद होतं, आणि काही टप्प्यांत दिवसभर व्यवहार न होता ठरावीक वेळच्या लिलावातच होतात. म्हणजे बाहेर पडायचा आधीच अरुंद असलेला दरवाजा आणखी अरुंद होतो. ही पट्टी असेल तर मी पुढचं काही वाचतच नाही.

पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉनचं उदाहरण तुमच्या ग्रुपवर आलं असेलच, सगळीकडे येतं. 2020 मध्ये दोन रुपयांच्या आसपास, 2024 मध्ये ऐंशीच्या वर. खरं आहे, पण सुझलॉन पडला होता तेव्हाही त्याचे रोज प्रचंड शेअर हातोहात फिरत होते. पवनचक्क्या उभ्या होत्या, कर्जाची पुनर्रचना झाली, आणि मुख्य म्हणजे ज्याला कुठल्याही दिवशी बाहेर पडायचं होतं त्याला पडता येत होतं. तुमच्या शेअरशी त्याचं साम्य फक्त भावात आहे. अर्थात भरपूर व्यवहार होतात म्हणून शेअर सुरक्षित, असंही धरून चालू नका. घरकर्ज देणाऱ्या डीएचएफएल या कंपनीत रोज लाखो शेअर फिरत होते, आणि जून 2021 मध्ये दिवाळखोरीच्या निकालात भागधारकांच्या हाती शून्य आलं.

ग्रुपबद्दल एवढंच. टिप देणारा मराठीत बोलतो की कन्नडात, गावचा आहे की मुंबईचा, याने फरक पडत नाही. शेअरचा सल्ला देणाऱ्याला लागते ती सेबीची रिसर्च अ‍ॅनालिस्टची नोंदणी 'आयएनएच'ने सुरू होते. तो नंबर मागा आणि सेबीच्या साइटवर नाव जुळतंय का बघा. कुणी वेगळं अ‍ॅप उतरवायला किंवा एखाद्या खात्यावर पैसे पाठवायला सांगत असेल तर ती फसवणूकच आहे. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

आता तुमच्या दोन लाखांकडे येतो, कारण तुमच्या बाबतीत खरा काटा इथं आहे. गावच्या सोसायटीचं पीककर्ज असेल तर ते आपल्याकडे कर्नाटकात पाच लाखांपर्यंत बिनव्याजी आहे, पण मुदतीत फेडलं तरच. तारीख चुकली की सवलत गेली आणि व्याज लागलं. त्यात लागणीचं बियाणं, खत, मजुरी, मुलांची फी. या सगळ्यांना तारखा आहेत, आणि तुमच्या शेअरला विकायची तारीख तुम्हाला ठरवता येणार नाही. ज्या पैशाला तारीख आहे तो अशा जागी ठेवायचाच नाही. तारखा भागवून जे उरेल त्यातले काही तुम्हाला शेअरबाजारातच घालायचे असतील तर जरूर घाला, पण निफ्टीच्या, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांचे शेअर ठेवणाऱ्या, इंडेक्स फंडात घाला, तिथं विकल्यावर पैसे काही दिवसांत खात्यावर येतात.

राहिले मेव्हणे. त्यांना मात्र आज एक गोष्ट करता येते, जी लोअर सर्किट सुरू झाल्यावर करता येणार नाही. सध्या खरेदीवाल्यांची रांग उभी आहे, म्हणजे विकायला हाच काळ चांगला. निदान मूळ घातलेली रक्कम परत येईल इतके शेअर, म्हणजे निम्मे, उद्या अपर सर्किटच्या भावाला विक्रीला लावायला सांगा. रांग तशीच असेल तर शेअर लगेच जातील. आणखी वाढेल म्हणून ते थांबू बघतील, तेव्हा डेप्थची खिडकी उघडून त्या रांगेत एकूण किती शेअरची मागणी उभी आहे तो आकडा त्यांना वाचायला लावा आणि आपल्या शेअरच्या संख्येशेजारी लिहायला सांगा. मेव्हण्यांच्या शेअरची संख्या मोठी निघाली तर निम्म्यावरही थांबायला नको, जेवढे जातायत तेवढे उद्याच जाऊ द्यावेत.